लष्कराच्या भाकरी

'लष्कराच्या भाकरी भाजणे' हा वाक्प्रचार शालेय व्याकरणात सगळ्यांनी पाठ केलेला असतो. नसते उपद्व्याप, ज्यातून स्वतःला काही मिळायचे नाही असे दुसऱ्याचे काम, असा त्याचा अर्थ आपण परीक्षेत लिहितो आणि पुढच्या वाक्प्रचाराकडे वळतो. पण हा शब्दसमूह कुणा विनोदी माणसाने बसल्याजागी रचलेला नाही. ज्या गावावरून फौज जाते त्या गावातल्या बायकांनी रात्रभर जात्यावर बसावे, पहाटे चुली पेटवाव्यात आणि तयार झालेल्या चवडी दुसऱ्याच्या पंगतीला जाव्यात, हा अनुभव त्यामागे आहे. त्या भाकरीचे पैसे मिळत नसत, धान्य परत येत नसे, आणि नाही म्हणण्याची सोय नसे. भाषेने या अनुभवातली दहशत गाळून टाकली आणि फक्त निरुपयोगी कष्ट तेवढे शिल्लक ठेवले.

मराठीत सैन्यासाठी शब्दांची कमतरता नाही. लष्कर, फौज, पलटण, कंपू, शिबंदी, शिलेदार, बारगीर, बिनीवाले. यांतला प्रत्येक शब्द गावाच्या बाजूने उच्चारून पाहिला तर त्यातून धूळ उडताना दिसते. 'अस्मानी-सुलतानी' या जोडशब्दातही सैन्य सुलतानीच्याच खात्यावर मांडलेले आहे. पाऊस न पडणे ही अस्मानी, आणि जे थोडे पिकले ते घोड्यांनी खाणे ही सुलतानी. अस्मानी कोसळली असता सुलतानीने मदतीला धावावे, ही कल्पना या जोडशब्दात बसतच नाही. म्हणून आम्हाला एक प्रश्न बरेच दिवस छळतो आहे. आज पूर आला, धरणी हलली, दरड कोसळली, की पहिल्या काही तासांतच लोकांच्या तोंडी 'मिलिटरी बोलवा' हे शब्द येतात. ज्याला पाहून गाव रान गाठत असे, त्याची वाट पाहण्याइतका पालट कधी झाला? लष्कराने गावासाठी भाकरी भाजायला सुरुवात कधी केली?

मराठवाड्यात कुणालाही विचारले तर उत्तर १९९३ असे येईल. ते बरोबर आहे, पण पुरेसे नाही. या गोष्टीचा पहिला धागा त्याच्या १९० वर्षे मागे जातो आणि त्याचे एक टोक आजच्या जालना जिल्ह्याच्या मातीत रुतलेले आहे.

जालना जिल्हा म्हणून अस्तित्वात आला तो १ मे १९८१ रोजी. त्याआधी हा बहुतेक मुलूख औरंगाबाद जिल्ह्यात होता. या जिल्ह्याच्या उत्तर भागात, केळणा आणि जुई या दोन लहान नद्यांच्या संगमाजवळ असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी येथे दौलतराव शिंदे व रघूजी भोसले यांच्या फौजांची आणि आर्थर वेलस्लीच्या इंग्रजी फौजेची गाठ पडली. त्याआधी तीन आठवडे, २ सप्टेंबरला, कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला होता. ऑगस्टमध्ये अहमदनगर पडले होते. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, वॉटर्लू जिंकला, आणि तरीही म्हातारपणी आपली सर्वोत्तम लढाई म्हणून असईचे नाव घेत असे. इंग्रजांकडचे ४२८ ठार आणि अकराशेहून अधिक जखमी झाले. शिंद्यांच्या कवायती कंपूंचे आणि त्यांच्या तोफखान्याचे कौतुक स्वतः शत्रूने केले. समोरासमोर वसलेली दोन गावे पाहून वेलस्लीने मध्ये उतार असलाच पाहिजे असा अंदाज बांधला आणि नदी ओलांडली, ही कथा इंग्रजी युद्धशास्त्राच्या पुस्तकांत हमखास येते.

त्या दोन गावांत कोण राहत होते, ते कुठे गेले, याचा उल्लेख मात्र कुणी करत नाही. असईला मातीचा कोट होता, त्याच्या आडून तोफा डागल्या गेल्या, आणि इंग्रजांची सर्वाधिक हानी त्या कोटाजवळच झाली. म्हणजे ते गावच एक मोर्चा बनले होते. सप्टेंबरच्या शेवटी या भागात बाजरी कापणीला आलेली असते आणि रब्बीची राने तयार होत असतात. त्या रानांतून त्या आठवड्यात हजारो घोडी, बैल, हत्ती आणि माणसे फिरली. त्या काळी सैन्यामागे सैन्याच्या कित्येक पट बाजारबुणगे असत. सरपण, चारा, पाणी यांचा फडशा पाडायला लढाई व्हावीच लागत नसे, दोन दिवसांचा मुक्काम पुरे होई.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की वेलस्लीचे सैन्य त्या काळच्या इतर सैन्यांपेक्षा वेगळ्या रीतीने जेवत असे. लूट करून खाणारे सैन्य पुढच्या मुक्कामी उपाशी मरते, हे त्याला म्हैसूरच्या मोहिमांत कळले होते. म्हणून तो बंजाऱ्यांच्या तांड्यांकडून धान्य विकत घेई, बैलांच्या जोड्यांचा हिशेब जातीने ठेवी आणि लुटारू शिपायाला कडक शिक्षा करी. पण विकत घेतले म्हणून धान्य आकाशातून येत नाही. तांड्यांच्या पाठीवरून जे धान्य छावणीत गेले ते कुठल्या तरी बाजारपेठेतून उचललेले होते. नाणे खणखणीत असेल, पण दुष्काळी वर्षात नाणे खाता येत नाही.

आणि ते वर्ष दुष्काळीच निघाले. १८०२च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकराने हडपसरजवळ पेशवे-शिंद्यांचा पराभव केला. त्यानंतर पुणे-नगर मुलखात होळकरी फौजेचा, पठाणांचा आणि पेंढाऱ्यांचा धुमाकूळ चालला. पेरणीला बी उरले नाही, ओढायला बैल उरले नाहीत. अशा नागव्या झालेल्या मुलखावर १८०३चा परतीचा पाऊस रुसला. १८०३-०४चा हा दुष्काळ दख्खनच्या स्मृतीत दुर्गाडी दुष्काळासारखा नावाने रुजला नाही, पण त्याची झळ कमी नव्हती. खानदेशातली अनेक गावे त्यानंतर कित्येक वर्षे ओस राहिली. माणसे घाट उतरून कोकणात आणि तिथून मुंबईकडे निघाली. मुंबईत जोनाथन डंकन गव्हर्नर होता, आणि तिथे भुकेल्यांना अन्न देण्याची व्यवस्था करावी लागली. अस्मानी कुठे संपली आणि सुलतानी कुठे सुरू झाली, हे त्या वर्षी सांगता आले नसते.

अहमदनगरचा किल्ला आता इंग्रजांच्या ताब्यात होता आणि त्याभोवती उपाशी माणसे जमू लागली होती. नगरचा कारभार वेलस्लीने कॅप्टन ग्रॅहम या अधिकाऱ्याकडे दिला होता. एप्रिल १८०४ मध्ये मुंबईहून वेलस्लीने त्याला दुष्काळ-निवारणासंबंधी एक टिपण पाठवले. ते त्याच्या छापील पत्रव्यवहारात उपलब्ध आहे. आमच्या मते आधुनिक काळातल्या महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाच्या विद्यार्थ्याने ते असईच्या लढाईच्या वर्णनापेक्षा अधिक लक्ष देऊन वाचावे.

टिपणातला युक्तिवाद थोडक्यात असा. फुकट धान्य वाटणे ही दुष्काळ निवारण्याची सदोष रीत आहे. तिच्यात गैरव्यवहार शिरतो, आणि एका ठिकाणी वाटप सुरू झाले की दूरदूरच्या मुलखातून झुंडी तिथे लोटतात. म्हणून धर्मादाय म्हणून धान्य अथवा पैसा देऊ नये. दुष्काळग्रस्तांचे दोन वर्ग करावेत: काम करू शकणारे आणि न करू शकणारे. काम करू शकणाऱ्या स्त्री-पुरुषांना सरकारने कामाला लावावे आणि त्याचा मोबदला द्यावा. म्हातारे, मुले, आजारी, आणि पूर्वीच्या सुस्थितीमुळे अंगमेहनतीची सवय नसलेल्या, भुकेने खंगलेल्या स्त्रिया यांना इस्पितळात घेऊन सरकारी खर्चाने अन्न व औषध द्यावे. याने सर्वांच्या पोटाची सोय होईल, झालेल्या खर्चातून सार्वजनिक उपयोगाचे काहीतरी उभे राहील, आणि धडधाकट माणूस काम करायला राजी असल्याशिवाय मदत मागायला येणार नाही.

हे वाचताना मराठवाड्यातला कोणीही माणूस थबकेल. कारण हे टिपण त्याच्या ओळखीचे आहे. १८७६-७८च्या भीषण दुष्काळानंतर दुष्काळ आयोग बसला आणि १८८०च्या दशकात दुष्काळसंहिता तयार झाल्या, त्यांचा कणा हाच होता: कामाची कसोटी. जो खडी फोडायला तयार आहे तोच खरा भुकेला. १९७२च्या दुष्काळात आमच्या आधीच्या पिढीने ज्या कामांवर दगड फोडले, पाझर तलावांची माती वाहिली, मुले झाडाखाली झोळीत टांगली, त्या कामांमागचा विचार हाच. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आलेली रोजगार हमी योजना आणि १९७७चा तिचा कायदा यांनी या विचाराला एक नवा अर्थ दिला. भुकेल्याची परीक्षा पाहण्याचे साधन हे भुकेल्याचा हक्क बनले. हा बदल लहान नाही आणि त्याचे श्रेय वेलस्लीला देण्याचे काही कारण नाही. टिपणापासून कायद्यापर्यंत सरळ रेघ ओढता येते असेही आमचे म्हणणे नाही. पण दख्खनमध्ये ही कल्पना पूर्ण आणि बांधीव स्वरूपात कागदावर उतरवणारा हात एका सेनापतीचा होता, आणि तो हात सहा महिन्यांपूर्वी असईच्या रानात तलवार धरून होता, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

लष्करी मन मदतीचा विचार कसा करते, हे या टिपणात उघडे पडते. त्याला करुणा नाही असे नव्हे. खंगलेल्या स्त्रियांचा जो उल्लेख आहे त्यात माणूस दिसतो. पण त्याची पहिली भीती गर्दी ही आहे. माणसे एका जागी गोळा होणे, शिस्त मोडणे, साठा अचानक संपणे. त्याची भाषा वर्गवारीची आहे: सक्षम आणि अक्षम, काम आणि इस्पितळ. शिपायांची हजेरी घेणाऱ्या डोळ्यांनीच तो उपाशी माणसांकडे पाहतो. अशा पाहण्याने माणसे वाचतात, हेही खरे आहे. फक्त त्यात माणसाचे नाव लागत नाही. त्या वर्षी नगरला किती जणांनी काम मागितले, त्यांतले किती असई-भोकरदनच्या बाजूचे होते, हे विचारायला जागा नाही, कारण कुणाचे नाव कुणी लिहून ठेवले नाही. विजयी फौजेच्या जखमी शिपायांसाठी अजिंठ्याला इस्पितळ उघडले होते. ज्यांच्या शेतात ते जखमी झाले त्यांच्यासाठी काय होते, ते पत्रव्यवहारात सापडत नाही.

त्यानंतर जालन्याने लष्कर जवळून पाहिले ते छावणीच्या रूपात. इंग्रजी कागदांत 'जौलना' असे लिहिले जाणारे हे ठाणे एकोणिसाव्या शतकात निजामाच्या मुलखातल्या महत्त्वाच्या लष्करी ठाण्यांपैकी होते. हैदराबाद कंटिन्जन्ट १९०३ मध्ये हिंदी सैन्यात विलीन झाली आणि छावणीची रया गेली. छावणीतले लष्कर हे चालत्या लष्करापेक्षा निराळे असते. ते दूध विकत घेते, धोब्याला पैसे देते, शिंप्याला काम देते. भीतीची जागा व्यवहार घेतो. 'लष्कराच्या भाकरी' हा वाक्प्रचार दहशत विसरून विनोदी होण्याची क्रिया अशाच शांततेच्या दशकांत झाली असावी, असा आमचा तर्क आहे.

पण मराठवाड्याची सैन्याविषयीची स्मृती एवढी सरळ नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये 'पोलीस कारवाई' या नावाने भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि जालनाही त्यांच्या वाटेवर होते. रझाकारांच्या जाचाने पिचलेल्या गावांनी त्या फौजांचे स्वागत केले. लष्कर आले म्हणून गाव आनंदाने वेशीवर गेले, असा हा या भागातला बहुधा पहिलाच प्रसंग. त्याच फौजांच्या पाठोपाठ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर जे गुदरले ते पंडित सुंदरलाल समितीने नोंदवले आणि तो अहवाल कित्येक दशके दडपून राहिला. समितीने २७ ते ४० हजार मृत्यूंचा अंदाज केला. काही ठिकाणी सैनिकांनी अत्याचारांत भाग घेतल्याचे लिहिले, आणि इतर अनेक ठिकाणी सैन्य नीट वागले, त्याने मुसलमानांना वाचवले, असेही लिहिले. मुक्तिसंग्रामाचे जे गौरवलेखन आपल्याकडे झाले त्यात या अहवालाला जागा झाली नाही. येथे त्याचा उल्लेख करण्याचे कारण एवढेच की एकाच गणवेशाच्या एकाच आठवड्यातल्या दोन आठवणी एकाच तालुक्यात शेजारी शेजारी राहू शकतात. किल्लारी तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. लातूर जिल्हा वेगळा झाला तो १९८२ मध्ये.

३० सप्टेंबर १९९३. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाच्या मिरवणुका आटोपून गावे नुकतीच झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. भूकंपाची तीव्रता ६.२ होती, जगाच्या मानाने मध्यम. सरकारी मोजणीत ७,९२८ माणसे मेली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली ५२ गावे पार कोलमडली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, राजेगाव, पेठ सांगवी ही नावे त्या सकाळपूर्वी महाराष्ट्राला ठाऊक नव्हती. दख्खनचे पठार हे भूकंपापासून सुरक्षित, अशी तोपर्यंत भूशास्त्राचीही समजूत होती, त्यामुळे कुणाचीच कसलीही तयारी नव्हती.

मध्यम तीव्रतेच्या धक्क्यात एवढी माणसे का मेली, याचे उत्तर घरांत होते. या भागातल्या घरांच्या भिंती दोन-तीन फूट, कधी त्याहूनही जाड, ओबडधोबड दगडांच्या आणि चिखलात रचलेल्या. वर माळवद, म्हणजे लाकडी आढ्यांवर मातीचा जाड थर. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला त्यावर आणखी माती टाकायची. उन्हाळ्यात थंडावा देणारे, धान्य सांभाळणारे, पिढ्यान् पिढ्या अभिमानाने मिरवलेले ते घर. धक्का बसताच भिंतीचे दोन्ही थर सुटून दगड आत-बाहेर ओघळले आणि वरची माती खाली आली. सिमेंटचे स्लॅब कोसळतात तेव्हा त्यांच्या तिरप्या आधाराने खाली पोकळ्या राहतात आणि त्यांत माणूस दिवसेंदिवस जगू शकतो. दगडमातीचा ढिगारा पोकळी ठेवत नाही. माती नाकातोंडात जाते. म्हणून जी माणसे जिवंत निघाली त्यांतली बहुतेक पहिल्या काही तासांत निघाली, आणि त्यांना काढणारे हात शेजाऱ्यांचे होते. चुलत्याने पुतण्याला, सुनेने सासूला, आधी स्वतः निघालेल्याने मागे राहिलेल्याला काढले. कोणती खोली कुठे, कोण कुठे झोपतो, बाळंतीण कोणत्या कोपऱ्यात, हे ज्ञान गावाशिवाय कुणापाशी नव्हते.

मुख्यमंत्री शरद पवार त्याच दिवशी पोचले, लष्कर आणि राज्य राखीव पोलीस दल कामाला लागले. पण या वास्तुरचनेमुळे जवानांच्या वाट्याला मुख्यतः मृतांचे काम आले. वर्तमानपत्रांना सुटकेच्या कथा हव्या असतात आणि अशी एक कथा होतीही. पाचेक दिवसांनी ढिगाऱ्यातून एक तान्ही मुलगी जिवंत सापडली आणि तिला काढणारे हात लष्कराचे होते. ती बातमी देशभर गेली आणि जावी अशीच होती. पण ती अपवाद होती म्हणूनच बातमी होती. बाकीचे दिवस दगड हाताने बाजूला करण्याचे, कुजू लागलेली शरीरे ओळखीच्या पलीकडे जाण्याआधी काढण्याचे, कोसळलेल्या घरांच्याच तुळया-वाशांवर सामुदायिक चिता रचण्याचे, रस्ते मोकळे करण्याचे, तात्पुरती रुग्णालये चालवण्याचे होते. भूकंपापाठोपाठ पाऊस सुरू झाला. सरण पेटेना. चिखलात वाहने रुतली.

त्या दिवसांत वेलस्लीची जुनी भीतीही खरी ठरली. गर्दी. मदत करणारे, नुसते बघणारे, नातेवाईक शोधणारे, पुढारी, आणि ढिगाऱ्यातल्या दागिन्यांवर डोळा ठेवणारे, सगळे एकाच अरुंद रस्त्याने येत होते. जखमींना सोलापूरकडे नेणाऱ्या वाहनांना वाट मिळेना. मराठवाड्यातल्या आणि सोलापूर भागातल्या घराघरांतून भाकऱ्या भाजून ट्रक भरून येत होत्या. गावोगावच्या बायकांनी पहाटे उठून, न मागता, न सांगता ज्या गावाला आपण कधी गेलो नाही त्या गावासाठी चुली पेटवल्या. पहिल्या दोन दिवसांत त्याचा आधार झाला. मग जेवणारी तोंडे कमी आणि भाकऱ्या जास्त झाल्या, आणि त्या पावसात भिजून सडल्या. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला चिखलात पडले. नऊवारी नेसणाऱ्या शेतकरी बाईने शहरातून आलेल्या कपड्यांचे करावे तरी काय? लष्कराची शिस्त इथे उपयोगी पडली असे म्हणता येईल. रस्त्यावर माणूस उभा करणे, वाहने वळवणे, साठा एका जागी मोजून ठेवणे, ही कामे दिसायला कोरडी असतात, पण त्यावर मलमपट्टी वेळेत होणे न होणे ठरते.

तरी या शिस्तीची किंमत होती. जवान परमुलखातला, त्याला मराठी येईलच असे नाही, आणि त्याला दिलेले काम वेळेत संपवायचे असते. यंत्र लावून ढिगारा उपसला की रस्ता लवकर मोकळा होतो, पण त्या ढिगाऱ्यात पेवातले वर्षाचे धान्य असते, सातबाऱ्याचा कागद असतो, लेकीच्या लग्नासाठी ठेवलेले मणी असतात. साथीच्या भीतीने घाईने दहन केले की ओळख पटवण्याची शक्यता चितेतच जाते, आणि ओळख पटली नाही तर पंचनामा अडतो. तलाठ्याच्या दप्तरात मृताचे नाव लागल्याशिवाय वारसाला मदत नाही. म्हणून त्या दिवसांत सगळ्यात मोलाचे माणूस ठरले ते गावातले, घरनिहाय नावे तोंडपाठ असलेले कोणीतरी. कोतवाल, शाळामास्तर, पोलीस पाटील. ज्या गावात असे कोणी वाचले नव्हते त्या गावाची यादी करणे फार कठीण गेले असणार. १८०४ मध्ये यादीच नव्हती. १९९३ मध्ये यादी झाली. आमच्या दृष्टीने दोन मदतकार्यांमधला सर्वांत मोठा फरक हाच आहे, आणि तो लष्कराने नव्हे तर मुलकी कारभाराने आणि गावाने घडवला.

लष्करी मदतीचे एक सूत्र सांगितले जाते. सैन्य सर्वांत शेवटी बोलवावे आणि त्याने सर्वांत आधी परतावे. नागरी प्रशासनाने मागणी करायची, त्याच्या हाताखाली काम करायचे, आणि प्रशासन सावरले की निघून जायचे. किल्लारीत साधारण असेच झाले. जवान गेले आणि खरे काम तिथून सुरू झाले. जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा प्रचंड कार्यक्रम आखला गेला, ५२ गावे नव्या जागी वसवायची ठरली, शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने शेकडो मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. नव्या गावांत काटकोनी रस्ते आले, भिंती सिमेंटच्या झाल्या, आणि गल्लीतली जुनी नाती नव्या ओळींमध्ये विखुरली. ती कथा स्वतंत्र आहे आणि तिच्यावर पुष्कळ लिहिलेही गेले आहे.

महाराष्ट्रात लष्कर असे धावून आल्याचे हे पहिले उदाहरण नव्हते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटण्याआधी जवानांनी धरणाच्या भिंतीवर वाळूची पोती रचली होती. धरण वाचले नाही, पण ते रात्रीच्या अंधाराऐवजी दिवसाउजेडी फुटले आणि पुण्यातली हजारो माणसे त्यामुळे जगली, असे पुणेकर आजही मानतात. फरक असा की पुण्याला छावणी दाराशी होती. किल्लारीला कोणतीच छावणी जवळ नव्हती. आपत्तीचा भूगोल आणि छावण्यांचा भूगोल जुळत नाही, छावण्या शत्रूच्या हिशेबाने वसवलेल्या असतात. हे ध्यानात यायला किल्लारीनंतर १९९९चे ओडिशातील चक्रीवादळ, २००१चे भूज आणि २००४ची त्सुनामी घडावी लागली. २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला आणि त्यानंतर राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल उभे राहिले, त्याची एक तुकडी पुण्याजवळ तळेगावला आहे. तरीही २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला सैन्यदले बोलवावी लागली आणि २०२५च्या पावसाळ्यात मराठवाड्यातल्या पुरातही.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आमचा एक प्रश्न आहे. मराठी ग्रामीण कादंबरीत दुष्काळ आहे, सावकार आहे, तलाठी आणि ग्रामसेवक आहेत, रोजगार हमीचा मुकादम तर ठळकपणे आहे. ढिगारा उपसणारा जवान मात्र क्वचितच भेटतो. तो आठ-दहा दिवस येतो, त्याचे नाव कुणाला कळत नाही, त्याच्याशी भांडण होत नाही, लग्नसंबंध होत नाहीत, उधारी होत नाही. कथेला लागणारे असे काहीच त्याच्यापाशी नाही. लष्करी लोकांची जी आत्मचरित्रे मराठीत आहेत ती सीमेवरच्या लढायांची आहेत. अनोळखी गावात सात दिवस प्रेते काढणाऱ्या शिपायाला रात्री तंबूत काय दिसत असेल, हे लिहिण्याजोगे आहे असे फारसे कुणाला वाटलेले नाही. वेलस्लीने असईच्या रात्री डोळ्यांपुढून प्रेते हटत नसल्याची कबुली पुढे दिली होती, असे त्याचे चरित्रकार सांगतात. सेनापतीचे ते दुःस्वप्न नोंदले गेले. किल्लारीच्या जवानाचे तसे काही आमच्या वाचनात नाही.

असईत आज शेती आहे. अहमदनगरचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, उस्मानाबादचे धाराशिव, औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर. नगरच्या किल्ल्याचा ताबा अजूनही लष्कराकडे आहे. जुन्या किल्लारीच्या जागी एक स्मृतिस्तंभ आहे. दर ३० सप्टेंबरला सकाळी तिथे गावकरी आणि अधिकारी जमतात, पोलिसांची तुकडी हवेत फैरी झाडून मानवंदना देते, आणि मग नव्या गावात परतताना लोक वाटेतल्या झुडपांमधल्या चौथऱ्यांकडे बोट दाखवून मुलांना सांगतात की इथे कुणाचे घर होते.